दहा सेंटिमीटर पाणी

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या भागात राहणाऱ्यांना बारवी धरणाचे नाव नवे नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण बदलापूरजवळ बारवी नदीवर आहे. जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन त्याचे पाणी ठाणे जिल्ह्यातील कारखान्यांना आणि अनेक शहरांना मिळते. एका हिवाळ्यात रीतसर परवानगी काढून मी आमच्या महाविद्यालयातील पहिल्या वर्षाची मुले तेथे नेली होती. जलाशयाकडे बघत एका मुलीने मला विचारले, "मॅडम, पाणी केवढं लांबवर पसरलंय! ते सगळंच्या सगळं भिंतीला ढकलत असेल ना?"

प्रश्न चांगला होता आणि त्याचे उत्तर "नाही" असे आहे. स्थिर पाण्याचा दाब त्याच्या विस्तारावर अवलंबून नसतो, फक्त खोलीवर असतो. पृष्ठभागाखाली १० मीटरवर गेलात की पाण्यामुळे पडणारा दाब जवळजवळ एका वातावरणाइतका होतो, मग ते पाणी बारवीच्या जलाशयातले असो की गावातल्या खोल विहिरीतले. धरणाची भिंत तळाशी रुंद बांधतात ती म्हणूनच. उलट जलाशयात पृष्ठभागाखाली केवळ १० सेंटिमीटरवर असलेला दाब आणि तुमच्या न्हाणीघरातल्या बादलीत १० सेंटिमीटरवर असलेला दाब अगदी सारखाच! घनता, गुरुत्वत्वरण आणि खोली यांचा गुणाकार करून पाहा: १००० × ९.८ × ०.१ म्हणजे ९८० पास्कल. वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. पोहायला शिकणाऱ्या मुलाला तो जाणवतही नाही.

त्या मुलीला मी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती आज तुम्हाला सांगते. या क्षुल्लक वाटणाऱ्या दाबाच्या आधारावर माझे यजमान रोज रात्री झोपतात.

ते फार घोरत असत. आमच्या चाळवजा इमारतीत भिंती पातळ, तेव्हा शेजारी त्यांना गमतीने कुंभकर्ण म्हणत. "गाढ झोप लागते बाई त्याला," असे सासूबाई कौतुकाने सांगत. पण गाढ झोपणारा हा माणूस सकाळी उठे तो डोके जड घेऊनच. बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या घेई आणि उतरायचे स्थानक निघून जाई. एकदा स्कूटर चालवताना त्यांचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कठड्याला घासत गेली. खरचटण्यावर निभावले. त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. खरे म्हणजे मी फार आधी शंका घ्यायला हवी होती, कारण घोरण्याचे पदार्थविज्ञान मी वर्गात शिकवू शकते.

घसा ही एक नळी आहे. खाली छातीकडे जाणाऱ्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, त्यामुळे ती सहसा मिटत नाही. पण जिभेमागचा भाग असा कडक असून चालत नाही. घास गिळायचा, बोलायचे, गायचे, ही सारी कामे त्याच मार्गात होतात. म्हणून तो मऊ स्नायूंचा केलेला आहे. जागेपणी हे स्नायू ताणलेले असतात. झोपेत ते सैलावतात, जीभ व मृदू टाळू मागे सरकतात आणि वाट अरुंद होते.

आता एक प्रयोग करा. शहाळ्याबरोबर हल्ली कागदी नळी मिळते. ती बराच वेळ पाण्यात भिजवून मऊ करा आणि तोंडाने जोरात ओढा. नळी चप्पट होईल. आणखी जोर लावाल तर अधिकच घट्ट मिटेल! ओढताना नळीच्या आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा तिला दाबून टाकते. शिवाय वाट अरुंद झाली की तेथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तेथला दाब आणखी उतरतो. हे दुसरे कलम बर्नोलीचे, १७३८ सालच्या ग्रंथातले. घशातही असेच होते. भिंती जवळ येतात, त्यांची स्थितिस्थापकता त्यांना पुन्हा दूर करते, पुन्हा जवळ येतात. मृदू टाळू आणि पडजीभ वाऱ्यातल्या निशाणासारखी फडफडू लागतात. ही फडफड म्हणजेच घोरणे. तुतारी फुंकणाऱ्याचे ओठ याच रीतीने कंप पावतात. फरक इतकाच की त्याला ते ठरवून करता येते.

जोवर फडफड ऐकू येते तोवर थोडी तरी हवा आत जाते आहे. धोका पुढे आहे. वाट पूर्ण मिटली की आवाजच थांबतो. छाती हवा ओढण्यासाठी धडपडत असते, भिजलेल्या नळीप्रमाणे घसा अधिकच मिटत जातो, रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. शेवटी मेंदू त्या माणसाला क्षणभर जागे करतो, मोठा धापेसारखा श्वास येतो आणि घोरणे पुन्हा सुरू. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. निदान दहा सेकंदांचा असा खंड म्हणजे निद्राश्वासरोध. तासाला पाचापर्यंत खंड सोडून देतात. तीस किंवा अधिक झाले तर विकार तीव्र समजतात. आमच्या घरी घोरणे थांबले की मी "हुश्श" म्हणून कूस बदलत असे. नेमक्या त्याच वेळी श्वास अडलेला असे, हे आठवले की आजही चुटपुट लागते.

हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ पाचांत एक. आणि त्याच्या जोडीला दिवसा पेंग येणारे ७.५ टक्के. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांनाही हा विकार होता असे डॉक्टरांनी सांगितल्याचे तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवेल. लहान मुलेही यातून सुटत नाहीत. नाकामागच्या ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढल्याने एखादे मूल रोज घोरत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगेच.

मग उपाय काय? मिटणारी नळी आतून फुगवून ठेवायची. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली हे करून पाहिले. तोपर्यंत गंभीर रुग्णांचा गळा पुढून छेदून श्वासाला वेगळी वाट करून देत. सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा बसवला आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीने हवा ओढण्याऐवजी आत सोडली. पाच रुग्णांवरचे त्यांचे निरीक्षण एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. त्यांना किती दाब लागला होता? ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका!

या यंत्राला आज 'सीपॅप' म्हणतात, म्हणजे श्वासमार्गात सतत राखलेला धन दाब. त्याचा दाब अजूनही सेंटिमीटर पाण्यात मोजतात आणि ही नुसती जुनी सवय नाही. नवजात बालकांच्या कक्षात या उपायाचा एक साधा अवतार वापरतात: बाळाच्या नाकाशी जोडलेल्या नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवायचे. टोक ५ सेंटिमीटर बुडवले तर हवा ५ सेंटिमीटरचा दाब ओलांडल्याशिवाय बुडबुडा होऊन सुटू शकत नाही, म्हणून बाळाच्या फुप्फुसांत तेवढा दाब टिकून राहतो. तेथे पट्टी हेच दाबमापक.

तुम्हालाही हा दाब पाहता येईल. गवंडी पातळी काढण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी दोन मीटर घ्या. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून फळीला बांधा, शाई घातलेले पाणी निम्म्यापर्यंत भरा आणि एका टोकातून हळू फुंका. दोन बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक पडेपर्यंत फुंकत राहा. (ओढू नका, शाई तोंडात येईल.) किती थोडी फुंकर पुरते ते पाहून नवल वाटेल. घशाच्या भिंतीचा एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला तर त्यावर हा दाब अवघे १० ग्रॅम वजनाइतके बल लावतो, म्हणजे चहाचे दोन चमचे पाणी. झोपेत सैलावलेल्या घशाला ओढून मिटवणारे बलही साधारण अशाच मापाचे असते, म्हणून एवढा टेकू पुरतो.

तर असे यंत्र आमच्या घरी आले. खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवायचा डबा, आत लहानसा पंखा, लवचीक नळी, शेवटी मुखवटा. पहिल्या रात्री यजमान शांत झोपले आणि त्या शांततेने माझीच झोप उडाली. आठवडाभरात त्यांचे डोके जड होणे थांबले.

मग पावसाळा लागला आणि एके रात्री मला विचित्र आवाज ऐकू आले.

एक आवाज ओळखीचा होता, मुखवट्याच्या पुढच्या बारीक छिद्रांतून येणारी सततची "स्स्स". बाहेर टाकलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मुखवट्यात साचू नये म्हणून हवा तेथून मुद्दाम बाहेर जाऊ दिलेली असते. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, तिथनं हवा फुकट जातेय. चिकटपट्टी लाव की जराशी." असे कधीही करू नये! ती छिद्रे बुजवली तर माणूस आपलाच श्वास पुन्हा पुन्हा घेत राहील. मुखवट्याच्या कडेने येणारी शिट्टी मात्र वेगळी. ती अरुंद फटीतून वेगाने सुटणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांची असते, हवा डोळ्यांवर जाते आणि दाबही उतरतो. मुखवटा नीट बसवला की ती बंद होते.

त्या रात्री दुसरा आवाज होता गुडगुडीचा, अगदी हुक्क्यासारखा. त्याचे कारण सापडायला वेळ लागला नाही. नाक कोरडे पडू नये म्हणून यंत्रात पाण्याची लहान टाकी असते आणि ती हवेला ऊब व ओलावा देते. बाहेर पाऊस, खिडकी उघडी, नळी गार. उबदार दमट हवा गार नळीतून जाताना दवबिंदूच्या खाली उतरली आणि नळीच्या खोलगट भागात पाणी साचले. प्रत्येक श्वासाबरोबर हवा त्यातून बुडबुडे काढत होती. यंत्र खाटेपेक्षा खालच्या पातळीवर ठेवले, नळीला जुन्या साडीचे आवरण शिवले आणि टाकीची ऊब एक पायरी कमी केली, गुडगुड गेली.

तिसरा आवाज "फुप्प" असा, ओठ फुटल्याचा. नाकातून दिलेली हवा तोंडावाटे सुटत होती. जबडा सैल पडला की असे होते. घाबरण्याचे कारण नाही, पण असे रोज होत असेल तर डॉक्टरांना सांगावे, कारण ज्या दाबावर सारी मदार तो तोंडातून निसटून जातो.

हे तीन आवाज ओळखता आल्यावर मी स्वतःवर खूश होऊन आडवी झाले. आणि मग चौथी गोष्ट लक्षात आली. श्वासाचा आवाज हळूहळू मोठा होत गेला, मग हळूहळू लहान, आणखी लहान, आणि बंद. पंखा चालू होता, "स्स्स" चालू होती, शिट्टी नव्हती, गुडगुड नव्हती. मी घड्याळ पाहिले. चौदा सेकंदांनी श्वास परतला, तोही धापेसारखा नाही. अगदी सावकाश, जणू काही झालेच नाही. पुन्हा वाढला, पुन्हा उतरला, पुन्हा बंद.

आधीच्या आजारात श्वास अडे तेव्हा छाती धडपडताना दिसत असे. आता मी त्यांच्या छातीवर हात ठेवला, तर ती मुळी हालतच नव्हती. वाट खुली होती. पण चालण्याचा हुकूमच सुटत नव्हता. मी घाबरले हे कबूल करते. "अहो, उठा," म्हणून त्यांना हलवले. त्यांनी मुखवट्यातूनच विचारले, "काय झालं? दिवे गेले का?"

दुसऱ्या रात्री मी तो प्रकार मोबाइलवर मुद्रित केला, वेळा वहीत लिहिल्या आणि दोन्ही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंत्राच्या स्मृतीतली नोंद काढून पाहिली. माझी वही आणि ती नोंद जुळत होती.

हे समजण्यासाठी पुन्हा बारवीला जाऊ. तेथे स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ७२.६० मीटरपर्यंत चढली की ते आपोआप उघडू लागतात. पातळी आणि दरवाजा एकाच ठिकाणी असल्याने कृती लगेच होते. आता कल्पना करा की दरवाजा धरणावर आहे आणि पातळी मोजणारा माणूस नदीकाठी कित्येक किलोमीटर खाली उभा आहे. पाणी कमी दिसले म्हणून तो "उघडा" असा निरोप पाठवतो. पाणी येईपर्यंत वेळ जातो, तोवर तो "आणखी उघडा, आणखी उघडा" म्हणत राहतो. मग लोंढा येतो. घाबरून तो "बंद करा" म्हणतो, पण लोंढा थांबायलाही तितकाच वेळ लागतो. पुढे नदी कोरडी. न्हाणीघरात गरम-गार पाण्याचे नळ जुळवताना तुमचीही अशीच फजिती झाली असेल. नियंत्रणात विलंब असला आणि प्रतिक्रिया तीव्र असली की पातळी स्थिर राहत नाही, ती झोके घेते.

श्वासाचे नियंत्रण असेच आहे. मेंदूच्या देठाजवळची केंद्रे मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवतात. तो वाढला की श्वास वाढवतात, कमी झाला की मंद करतात. आणि झोपेत तो एका मर्यादेखाली गेला तर श्वासाचा हुकूम काही काळ देतच नाहीत. फुप्फुसांतला बदल रक्तावाटे या केंद्रांपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. वर्षानुवर्षे अडलेल्या वाटेशी झुंजणाऱ्या काही माणसांत हे नियंत्रण फार तिखट झालेले असते. यंत्राने वाट एकदम मोकळी केली की तेवढ्याच हुकमाने खूप जास्त हवा जाते, कार्बन डायऑक्साइड मर्यादेखाली उतरतो, श्वास थांबतो. तो साचला की पुन्हा सुरू. डब्लिनमधले जॉन चेन यांनी १८१८ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली असा चढता-उतरता श्वास हृदयविकाराच्या रुग्णांत वर्णिला होता. हृदय दुबळे झाले की रक्त संथ वाहते, म्हणजे निरोप्याचा विलंब वाढतो. म्हणूनच डॉक्टरांनी यजमानांच्या हृदयाची तपासणी आधी करून घेतली. ते ठीक निघाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गंमत अशी की येथे दाब वाढवून काम होत नाही. वाट आधीच उघडी आहे, ती आणखी उघडून काय उपयोग? मी मनात म्हटले होते की दहाचे बारा सेंटिमीटर करून पाहावे. बटण तर हाताशीच होते. केले असते तर कदाचित झोके वाढलेच असते. डॉक्टरांनी दाब दोन सेंटिमीटरने उतरवला आणि वाट पाहायला सांगितले, कारण यंत्र नवे असताना उद्भवणारा हा प्रकार बऱ्याच जणांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतो. नियंत्रणाचा तिखटपणा उतरतो. काहींत तो टिकतो आणि त्यांच्यासाठी वेगळ्या तऱ्हेची यंत्रे असतात.

आवाजावरून आणखी एक आठवले. यंत्रातल्या पंख्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून काही यंत्रांत स्पंजासारखा फेस भरत. तो फेस झिजून त्याचे कण हवेत येण्याच्या शक्यतेमुळे फिलिप्स कंपनीला जून २०२१ मध्ये जगभरातून लाखो यंत्रे परत मागवावी लागली. यंत्र शांत असावे ही अपेक्षा रास्त, पण त्या शांततेसाठी काय भरले आहे हेही विचारले पाहिजे.

आमच्या वहीत आता तीन महिन्यांच्या नोंदी आहेत. पहिल्या पानावर एका तासात अकरा खंड, सर्वांत मोठा एकोणीस सेकंदांचा. दसऱ्याच्या सुमारास तासाला चार. गेल्या आठवड्यात मी पाऊण तास जागी राहून ऐकले तेव्हा एकच सापडला, नऊ सेकंदांचा, म्हणजे व्याख्येप्रमाणे तो मोजायचाही नाही. तरी मी लिहून ठेवला. यजमान म्हणतात की आता घरात दिवसा पेंगणारे माणूस एकच उरले आहे, आणि ते महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते.